दोनाचं वर्गमूळ

"दोन नळ्या लावल्या म्हनून टँकरात पानी वाढत नाय, काकी," काळूराम म्हणाला, आणि माझ्या हातातली बादली हातातच राहिली.

जूनअखेरचा शनिवार होता, पावसाचा अजून पत्ता नव्हता. चंदनसारला आमच्या बिल्डिंगखाली पाण्याचा टँकर लागला होता आणि बी विंगच्या बायकांनी टँकरवाल्या काळूरामला घेरलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच की एकच नळी ए विंगच्या टाकीत सोडतोस, मग आम्ही काय देवळात जाऊन तीर्थ प्यायचं? दुसरी नळी लाव, म्हणजे आम्हालाही तेवढंच मिळेल. काळूरामनं वैतागून पंपाला दुसरी नळी लावली. पहिली नळी, जी इतका वेळ ताठ होऊन फुसफुसत होती, ती एकदम मलूल पडली. दोन्हींतून अर्धं अर्धं येऊ लागलं. ए विंगवाले ओरडले, बी विंगवाले त्याहून जोरात ओरडले. काळूराम पंपावर हात ठेवून म्हणाला, "पंप तोच ना? का दोन झाले?" "अहो, भरा ना!" माझी बायको मनोरमा मागून खेकसली, "पुतळा झाला का तुमचा?" मी पुतळाच झालो होतो. पंप तोच ना. हे मला कुणी बारा महिने विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

हे सांगायचं तर थोडं आधीचं सांगावं लागतं. मोबाइल फोनचा सिग्नल सरळ येत नाही. तो भिंतींवर, डोंगरावर, टेम्पोच्या टपावर आपटत दहा वाटांनी येतो. या दहा वाटांचे सिग्नल कधी एकमेकांना हात देतात, कधी एकमेकांचा गळा धरतात. गळा धरला की फोन मुका. त्यावर तोड अशी की एकाऐवजी दोन अँटेनांनी पाठवायचं, म्हणजे एकीची वाट बुडाली तरी दुसरीची तरेल. पण दोघींनी तेच एका वेळी पाठवलं तर त्याच एकमेकींवर उठतात. म्हणून कुणी, कधी, काय पाठवायचं याची एक घडी बसवावी लागते. तिला कोड म्हणतात. चार वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी अशी एक घडी छापली होती, इतकी सोपी की बघून लाज वाटावी: पहिल्या क्षणी दोघींनी दोन वेगळी चिन्हं पाठवायची, पुढच्या क्षणी तीच अदलाबदल करून, एक उलटं करून. गेल्या वर्षी मी आणि कॉलेजातल्या एका विद्यार्थिनीनं मिळून बसवलेली घडी तिच्याहून तीन डेसिबलनं सरस निघाली होती. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट. निम्म्या शक्तीत तेवढंच काम. ते एका परिषदेच्या ग्रंथात छापून आलं होतं, आणि त्यावर माझं नाव होतं. प्रोग्राम मी लिहिला होता. त्यात दोन अँटेना होत्या आणि मी दोघींना पूर्ण शक्ती दिली होती. पंप तोच असायला हवा होता. मी दोन पंप लावले होते. दोघांनी मिळून हंडा उचलायचा आणि गावभर सांगत सुटायचं की आमचा हंडाच हलका आहे, तसं.

आणि ही चूक इंजिनिअरच्या हातून झाली नसती. हे मला बादली भरता भरता कळलं आणि तेच जास्त लागलं. मी आयटीआय. रेडिओ-टीव्ही मेकॅनिक. वसईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट. पण त्याआधी आणि त्याबरोबरही, केबल येईपर्यंत, प्रत्येक रविवारी मी गावांतल्या छपरांवर असायचो. प्लासिड नावाचा एक दोस्त होता, माणिकपूरच्या पलीकडे त्याचं घर. तिथं टीव्हीवर बातम्या देणारी बाई दोन दोन दिसायची, एक ठळक आणि तिच्या मागे एक फिकट. प्लासिडची आई म्हणायची, "पुढची जिवंत हाय, मागची तिची मेलेली भन." मी हसलो नाही. कौलांवर बसून मी तासभर त्या मेलेल्या बहिणीचा विचार केला. ती डोंगरावरून येत होती, उशिरा येत होती. मी दुसरी अँटेना लावली, दुसरीकडे तोंड करून, आणि दोघींचे सिग्नल असे जुळवले की बहीण नाहीशी झाली. म्हातारीनं माझ्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. तेव्हापासून मला वाटत आलं की हे माझं आहे. पुस्तकातलं नंतर आलं. मॅट्रिक्स मी लायब्ररीनं रद्दीत काढलेल्या पुस्तकांतून शिकलो, जेवणाच्या टेबलावर, शेजारी मनोरमा तांदूळ निवडत असताना. इंग्रजी शब्द आडवा आला की डिक्शनरी, डिक्शनरीतला शब्द आडवा आला की पुन्हा डिक्शनरी. ज्यांना सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या सीआरओची नॉब कुठली फिरवायची ते मला विचारावं लागतं, ते वर्गात उभे राहून हेच शिकवायचे आणि जाताना "ए तळवडेकर, फळा पुस" म्हणायचे. मी पुसायचो. पुसताना फळ्यावरच्या चुका वाचायचो. पण छपरावर मी दुसरी अँटेना लावली की तिला दुसरा बूस्टर लावायचो, दुसरा प्लग. वीज काय, प्लासिडच्या भिंतीतून हवी तेवढी येत होती. दोन अँटेना म्हणजे दोन बूस्टर. हे माझ्या हाताला इतकं ठाऊक होतं की डोक्यानं कधी तपासलंच नाही. ज्या हातांचा मला माज होता, त्याच हातांनी घात केला.

ज्ञानदा एम.ई.ला आली तेव्हा लॅबमध्ये मला पहिल्यांदा कुणीतरी "का?" असं विचारलं. "कसं" विचारणारे पुष्कळ असतात. ती स्टुलावर बसून पेनाचं टोपण चावत म्हणाली, "काका, पण दुसऱ्या क्षणी उलटंच का करायचं?" मी तिला कागदावर दाखवलं. मग ती रोज येऊ लागली. घडी दोघांनी मिळून बसवली. आकडेमोड तिची, प्रोग्राम माझा. पेपर लिहून झाल्यावर तिनं तीन नावं टाकली: तिचं, विभागप्रमुख हर्षवर्धन सरांचं आणि माझं. सर म्हणाले, "लॅब असिस्टंटचं नाव? उद्या शिपायाचं टाकशील." ती म्हणाली, "शिपायानं प्रोग्राम लिहिला तर टाकीन, सर." मी बाहेर पॅसेजमध्ये सोल्डरिंगची तार गुंडाळत उभा होतो. ती तार मी किती वेळ गुंडाळत होतो मला आठवत नाही. ग्रंथ घरी आला तेव्हा मनोरमानं त्याला हळदकुंकू लावलं. सदतिसाव्या पानावर, जिथं माझं नाव आहे, तिथं कुंकवाचं बोट उठलंय. परदेशातल्या विद्यापीठानं ज्ञानदाला पीएचडीला घेतलं ते त्याच पेपरावर. तिथल्या प्राध्यापकानं पत्रात लिहिलं होतं की तुमचे तीन डेसिबल आम्हाला फार रोचक वाटले.

त्याच शनिवारी, पाणी भरून झाल्यावर, मी कॉलेजात गेलो. सुट्टी होती. लॅबमध्ये पंखा बंद, खिडक्या बंद, प्लॅस्टिक तापल्याचा वास. चारशे बाराव्या ओळीखाली मी एक ओळ घातली. शक्ती निम्मी करायची म्हणजे चिन्हाची उंची दोनाच्या वर्गमुळानं भागायची. एवढंच. सातवीतल्या पोराला येईल. प्रोग्राम सोडला आणि बसलो. पडद्यावर एकेक टिंब यायला वीस-वीस मिनिटं लागत होती. पहिलं टिंब त्या परदेशी घडीच्या जुन्या रेघेवर पडलं. मी म्हटलं, योगायोग. दुसरं जुन्या रेघेवर पडलं. मला तहान लागली होती पण उठवेना. माणसाचं प्रेत ओळखायला बोलावतात तेव्हा आधी पाय दाखवतात म्हणे. तिसरं. चौथं. साडेतीनपर्यंत सगळी टिंबं त्या परदेशी माणसाच्या रेघेवर जाऊन बसली होती, एकही इकडे नाही, तिकडे नाही. आमच्या घडीत नवीन काहीच नव्हतं. त्याचीच घडी आम्ही कोन फिरवून ठेवली होती, आणि वर दुप्पट वीज जाळली होती. मला राग येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. चूक दुसऱ्याची असली की मला बरं जमतं. बावीस वर्षं मी त्यावरच जगलो.

रविवारी एव्हरशाईन सिटीत ज्ञानदाच्या घरी गेलो. हॉलभर बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि तिची आई वजनकाट्यावर एक बॅग चढवून स्वतः वाकून आकडा वाचत होती. "या, या तळवडेकर! तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत मेले. मेतकूट काढू की लोणचं काढू सांगा तुम्हीच." मी म्हटलं, "लोणचं काढा, फुटतं." "बघ," त्या मुलीला म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते. हिच्या पेपरात तुमचं नाव आहे हे आम्ही सगळ्यांना सांगतो हां. लाडू घ्या." मी लाडू घेतला. खिशात फ्लॉपी होती. ज्ञानदाला बाल्कनीत नेऊन म्हटलं, कॉम्प्युटरवर एक दाखवायचंय. ती म्हणाली, "कॉम्प्युटर परवा विकला काका." मग मी लाडवाखालचा कागद घेतला, तुपाचा डाग चुकवत त्यावर तीन ओळी लिहिल्या आणि तिच्यापुढे धरला. तिनं वाचलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होतो. ते ओळीवरून सरकत गेले आणि जिथं थांबायला हवे होते तिथंच थांबले. दहा सेकंद. तिला कळलं होतं. ही पोरगी हुशार आहे, तिला न कळणं शक्यच नव्हतं. खाली कुणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, किक, किक, किक. मग तिनं कागदाची घडी केली, लहान, आणखी लहान, आणि म्हणाली, "काका, राग नका मानू हां. पण तुमचं तसं फॉर्मल शिक्षण नाही ना झालेलं. तुमचाच काहीतरी गोंधळ होत असेल."

तिचा आवाज वाक्याच्या शेवटी फाटला होता, हे खरं आहे आणि मला ते सांगायलाच हवं. ती वाईट नाही. तिच्या वडिलांनी ऑफिसातून वेळेआधी निवृत्ती घेऊन पैसा मोकळा केला होता, तिकीट हातात होतं, बॅगेत मेतकूट होतं. तिच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? मला वाटतं मी शिव्या दिल्या असत्या. तिनं शिव्या दिल्या नाहीत. तिनं फक्त तेच हत्यार उचललं जे कॉलेजात सगळ्यांच्या टेबलावर कायम पडलेलं असतं, आणि ज्याला तिनं एकटीनं दोन वर्षं हात लावला नव्हता. "तिकडे गेल्यावर मी बघते," ती म्हणाली. "तोवर कुणाला सांगू नका. सांगितलंय?" मी मान हलवली. घडी केलेला कागद तिच्या मुठीत होता. निघताना तिच्या आईनं डब्यात लाडू दिले. मी डबा घेऊन एव्हरशाईनपासून स्टेशनापर्यंत चालत आलो. रिक्षावाले विचारत होते, मला ऐकू येत होतं.

सोमवारी हर्षवर्धन सरांच्या केबिनमध्ये गेलो. कुणाला सांगू नका म्हणालेल्या मुलीला मी शब्द दिला नव्हता. मान हलवली होती ती "नाही सांगितलं" अशी. असल्या हिशेबात माणूस किती हुशार होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं, हे मान्य करतो. मग विचारलं, "म्हणजे तीन डेसिबल नाहीच?" "नाही, सर." "मग किती आहे?" "शून्य. जुनंच आहे ते." त्यांनी उठून दार लावलं. "तळवडेकर, पुढच्या महिन्यात तपासणीची कमिटी येतेय. आपल्या विभागाच्या संशोधनाच्या रकान्यात एक ओळ आहे. एक. ती काढू?" "ती खोटी आहे, सर." "छापून आलीय ना? छापणारे गाढव आहेत?" होते. मला माहीत होतं की होते. पेपर तपासणाऱ्यांपैकी एकानंही शक्ती कुठं वाटली ते विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही, सर." ते जरा नरमले. "अहो, कोण वाचतंय? आणि तुम्हाला काय, बढती थांबलीय का त्यावाचून? लॅबमधले तीन सीआरओ बंद पडलेत, ते बघा आधी." मी सीआरओ बघितले. तिन्हींचे फ्यूज गेले होते, नवे घातले. मग मी डिक्शनरी घेऊन इंग्रजीत एक पत्र लिहिलं, परिषदेच्या सचिवांना, की अमुक पानावरचा निष्कर्ष चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. "माझी" या शब्दाखाली रेघ मारली. पत्र तीन आठवड्यांनी परत आलं. पाकिटावर कुणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं की परिषद झाली, समिती आता नाही. चूक कबूल करायलाही पत्ता लागतो.

ज्ञानदा सोळा जुलैला गेली. तिकडून एक ई-मेल आला, पोचले, थंडी नाही, तुम्हाला नमस्कार. कागदाबद्दल काही नाही. मी दोनदा लिहिलं. मग लिहिलं नाही. त्याच सुमारास एम.ई.ची नवी बॅच लॅबमध्ये आली, सात जण. सरांनी जाहीर केलं की या सातही जणांनी ज्ञानदाच्या कामावरून पुढं जायचं, तीन डेसिबल हातात आहेतच, आता चार अँटेनांवर न्यायचं. "तळवडेकर, सगळ्यांना प्रोग्राम कॉपी करून द्या." मी सात फ्लॉप्या केल्या आणि सातही फ्लॉप्यांत चारशे बारा नंबरखाली ती एक ओळ घातली. याला कुणी हिंमत म्हणू नये. चोर पकडला जायच्या आत वस्तू गुपचूप जागेवर ठेवून येतो, तसं ते होतं. पण एक आशाही होती, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, यांचा ग्राफ येईल, तो जुन्या रेघेवर पडेल, आणि सातांतलं एक तरी डोकं विचारेल, मग ज्ञानदाला तीन डेसिबल आले कुठून? ते पदवीवालं तोंड असेल. त्या तोंडाचं ऐकतील. म्हणून मी प्रत्येकाला फ्लॉपी देताना म्हणालो, "नुसता चालवू नका. ओळन्‌ओळ वाचा."

ग्राफ आले. सातही जुन्या रेघेवर, एकावर एक, पत्रावळी ठेवल्यासारखे. सर लॅबमध्ये आले, पडदे बघत फिरले आणि भडकले. "सात जण आणि सातांनाही येत नाही? एका मुलीनं वर्षापूर्वी काढून दाखवलंय! छापून आलंय! तुम्ही चूक केलीय कुठंतरी. शोधा. तोवर एकाच्याही टर्मवर्कवर सही करणार नाही." सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही. पोरं कामाला लागली. मी कोपऱ्यात मल्टिमीटर उघडून बसलो होतो आणि बघत होतो: ती सगळी बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत होती. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "कदाचित चूक नसेलही." एकानं मान वर न करता विचारलं, "मग सर खोटं बोलतात का, काका?" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, थकून हसले. नऊ दिवस चाललं. सिग्नलमधल्या खरखरीचं गणित तपासलं, मॅट्रिक्स तपासल्या, एकानं तर की-बोर्ड बदलून बघितला. त्यांच्यात नेत्रा म्हणून एक आहे, विरारच्या जुन्या वस्तीतली, मान खाली घालून बोलणारी. तिनं खरोखरच ओळन्‌ओळ वाचली. कागदावर उतरवून, बोट ठेवून. दहाव्या दिवशी दुपारी ती खुर्ची मागे ढकलून उभीच राहिली. "सापडली! काका, इकडे या! चारशे तेराव्या ओळीत कुणीतरी उगाचच दोनाच्या वर्गमुळानं भागून ठेवलंय!"

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. तिनं ती ओळ निवडली. काळी झाली. बोट डिलीटवर होतं. मी म्हटलं, "नेत्रा, ती ओळ बरोबर आहे." मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू गेलं. ती वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर अशी दया होती की मला तिचा राग येईना. "काका, असं कसं? ही काढल्यावर ज्ञानदाताईचा ग्राफ तंतोतंत येतो. मी दोन टिंबं काढून बघितली आधीच. थांबा, दाखवते." "येणारच," मी म्हटलं, "कारण तिच्यातच—" तेवढ्यात सगळे तिच्या पडद्यावर कोसळले, कुणी बाकं वाजवली, कुणीतरी सरांना बोलवायला धावलं. ओळ गेली. तिच्या जागी खालची ओळ वर सरकली, काहीच झालं नाही अशी. सर आले, पहिली चार टिंबं बघितली आणि नेत्राच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात बेसिक्स पक्के असणं." मी "सर," म्हटलं. पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, "तळवडेकर, कॅन्टीनला दहा चहा सांगा, माझ्या नावावर." आणि तिथंच उभ्या उभ्या सात फायली मागवून सातांवर सह्या केल्या. मी चहा सांगून आलो.

चहा पिताना नेत्रा माझ्या टेबलाशी आली. चतुर्थीला नैवेद्य आणून ठेवावा तसा तिनं कप ठेवला. "काका, आमच्या पेपरात तुमचं नाव टाकतोय. सगळ्यांनी ठरवलंय. तुम्ही ओळन्‌ओळ वाचा म्हणालात म्हणून तर सापडलं." मी म्हटलं, "नको." "कशाला लाजता? इंग्रजीत कसं लिहिता तेवढं सांगा." मी मल्टिमीटरचा स्क्रू पिळत होतो. तो केव्हाच घट्ट बसला होता. ती हसली.

"राहू दे. ज्ञानदाताईच्या पेपरावर आहेच ना. तिथून उतरवून घेते."